गाडीच्या रंगाचे संरक्षण निवडताना काळे प्लास्टिक आणि रबर कसे जपावे

गाडीच्या रंगावर वॅक्स लावावे, सीलंट लावावे, सिरॅमिक कोटिंग करावे की पारदर्शक फिल्म बसवावी, असे विचारले की पुण्यातल्या बहुतेक दुकानांत उत्तर चकाकीचे मिळते. चकाकी किती महिने टिकेल, पावसाचे पाणी कसे घरंगळेल, बॉनेटमध्ये प्रतिबिंब कसे दिसेल, हे सगळे उत्साहाने सांगितले जाते. बंपरचा खालचा काळा भाग, चाकांवरच्या कमानी, काचेखालची जाळी, दारांचे बीडिंग म्हणजे कडांचे रबर आणि क्रोमच्या पट्ट्या यांचे काय होईल हे मात्र क्वचितच कोणी सांगते, आणि ग्राहकही विचारत नाही. वास्तविक रंगावर काही चुकले तर वरच्या क्लिअर कोटचा, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक लेपाचा, अगदी पातळ थर पॉलिशने काढून चूक बहुधा सावरता येते. खरखरीत प्लास्टिकवर आणि रबरावर ती सोय नाही. तेथे डाग मुरला किंवा रबर फुगले की बऱ्याचदा तो भागच बदलावा लागतो. म्हणून माझे मत असे आहे की रंगाचे संरक्षण निवडताना सुरुवात रंगाला लागून असलेल्या, पण रंग नसलेल्या भागांपासून करावी आणि त्यांना जे सोसेल तेच रंगासाठी घ्यावे.

गाडीभोवती एक फेरी

गाडी शाम्पूने धुऊन कोरडी करावी, सावलीत उभी करावी आणि कागद-पेन घेऊन तिच्याभोवती सावकाश फिरावे. कोणता भाग कशाचा आहे याची नोंद एकदा झाली की पुढचे निम्मे निर्णय सोपे होतात.

सर्वांत आधी रंग न दिलेले काळे प्लास्टिक पाहावे. ते बहुतांशी पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचे असते आणि त्याचा काळेपणा त्यात मिसळलेल्या कार्बन ब्लॅकमुळे येतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या पृष्ठभागावरच्या बहुलकांच्या, म्हणजे प्लास्टिकच्या लांब रेणूंच्या, साखळ्या तुटतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, त्यांवरून प्रकाश विखुरतो आणि काळा भाग राखाडी दिसू लागतो. त्याची अवस्था ओळखण्यासाठी धुतलेल्या भागावर ओलसर पांढरे फडके जरा दाबून फिरवावे. फडक्यावर काळपट भुकटी उतरली तर पृष्ठभाग झिजू लागला आहे असे समजावे. असे प्लास्टिक नव्या प्लास्टिकपेक्षा जास्त शोषून घेते आणि त्यावरचे डागही अधिक चिवट असतात. काचेखालची वायपरजवळची जाळी पहिल्यांदा पांढुरकी पडते, कारण ती जवळजवळ आडवी असते आणि दुपारचे ऊन थेट झेलते.

दारांचे आणि काचांचे रबर सहसा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे असते. ऊन, ओझोन आणि पाणी यांना ते उत्तम तोंड देते, म्हणूनच गाडीबाहेर ते वापरतात. पेट्रोलियमपासून बनलेली तेले आणि द्रावणे मात्र त्याला सोसत नाहीत. ती शोषून ते फुगते, मऊ पडते आणि मग त्याचा आकार बिघडतो. डांबराचे ठिपके काढण्यासाठी आपल्याकडे सर्रास रॉकेल किंवा पेट्रोल वापरतात आणि काही वॉशिंग सेंटरवर गाडीच्या खालच्या भागावर डिझेल फवारण्याची जुनी पद्धत अजून दिसते. त्यानंतर काळे भाग एक-दोन दिवस झकास दिसतात खरे, पण ती चमक तेलाची असते, तिच्यावर धूळ चिकटते आणि किंमत रबराला मोजावी लागते.

चकचकीत पट्ट्यांच्या बाबतीत जास्त सावध राहावे. बऱ्याच गाड्यांवरचे क्रोम म्हणजे एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकवर चढवलेला पातळ मुलामा असतो आणि तो तसा टिकाऊ असतो. काही गाड्यांच्या, विशेषतः युरोपीय बनावटीच्या गाड्यांच्या, खिडक्यांभोवतीच्या पट्ट्या आणि छतावरचे रेल मात्र ॲनोडाइज्ड, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने वर संरक्षक थर तयार केलेल्या, ॲल्युमिनियमचे असतात. त्यांच्यावरचा संरक्षक थर तीव्र आम्लानेही खराब होतो आणि तीव्र अल्कलीनेही. एकदा त्यावर दुधाळ डाग पडले की धुऊन जात नाहीत. नुसत्या नजरेने दोन्ही प्रकार ओळखणे कठीण असल्यामुळे खात्री नसेल तेथे ॲनोडाइज्ड धातूच आहे असे धरून चालावे.

उरलेल्या भागांविषयी थोडक्यात सांगतो. हेडलॅम्पची काच काचेची नसून पॉलिकार्बोनेटची असते आणि तिच्यावर कारखान्यातच एक संरक्षक लेप दिलेला असतो. थिनरसारख्या द्रावणाने तो लेप जातो आणि आत बारीक तडे पडू शकतात. दारांच्या मधल्या खांबांवरचे चकचकीत काळे प्लास्टिक, ज्याला पियानो ब्लॅक म्हणतात, नुसत्या कोरड्या फडक्यानेही ओरखडते. काही गाड्यांच्या खिडक्यांच्या चौकटीवर रंगाऐवजी काळी विनाइलची पट्टी चिकटवलेली असते. द्रावण तिच्या कडेत शिरले की कड सुटते. मॅट रंगाची गाडी असेल तर चकाकी वाढवणारी कोणतीही वस्तू तिच्याजवळ आणू नये.

पांढरा डाग पडतो तो का

संध्याकाळी मोबाइलचा टॉर्च बंपरच्या काळ्या भागाला जवळजवळ टेकवून आडवा धरला की कारण स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. वरून सपाट वाटणारा तो पृष्ठभाग खळग्यांनी आणि उंचवट्यांनी भरलेला असतो. साच्यावरची नक्षी प्लास्टिकवर उमटलेली असते. रंगावर फिरवलेला पॅड त्याच्यावर घसरला की वॅक्स खळग्यात बसते, आणि पुसणारे फडके उंचवट्यांवरून जाते, खाली पोहोचत नाही. मग वॅक्स वाळते, त्यात धूळ मिसळते आणि रंगाच्या कडेने पांढरट रेघ उमटते. त्या वॅक्समध्ये घासणारी पूड असेल तर डाग आणखी ठळक होतो, कारण ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी पूड पाण्यात विरघळत नाही आणि ऊन लागून वितळतही नाही. आपल्याकडे ज्याला रबिंग-पॉलिश म्हणतात त्यात ही पूड असतेच, आणि मशीनच्या फिरत्या पॅडवरून उडालेले शिंतोडे हातभर अंतरावरच्या बीडिंगमध्येही जाऊन बसतात.

हे समजले की निवडीचे पहिले सूत्र आपोआप ठरते. जे वाळल्यावर पांढरी भुकटी सोडत नाही, ज्यात घासणारी पूड नाही आणि ज्यात पेट्रोलियम द्रावणाचे प्रमाण कमी आहे किंवा मुळीच नाही, ते प्लास्टिक-रबराच्या शेजारी लावण्यास बरे.

कोणता पर्याय कोणासाठी

कार्नोबा या ताडाच्या पानांपासून मिळणाऱ्या वॅक्सचा, विशेषतः डबीतल्या घट्ट वॅक्सचा, रंगावरचा परिणाम मोहक असतो यात शंका नाही. मात्र त्याला मऊ करण्यासाठी बहुधा पेट्रोलियम द्रावण वापरलेले असते आणि वाळल्यावर ते पांढरे होते. हातात संयम असेल, प्रत्येक कडेला टेप लावण्याची तयारी असेल, तरच त्याच्या वाटेला जावे. पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात ते फार काळ टिकतही नाही. वॅक्सवर ‘क्लीनर’, ‘वन स्टेप’, ‘थ्री-इन-वन’ किंवा ‘स्क्रॅच रिमूव्हर’ असे शब्द असतील तर त्यात पूड आहे असे समजून काळ्या भागांपासून ते दूरच ठेवावे.

नवी गाडी ताब्यात देताना काही विक्रेते अजूनही ‘टेफ्लॉन कोटिंग’ नावाची सेवा सुचवतात. टेफ्लॉन हे ज्याचे व्यापारी नाव आहे ते पीटीएफई सुमारे 327 अंश सेल्सिअसला वितळते. गाडीच्या रंगाला इतकी उष्णता देणे शक्यच नसल्यामुळे ते वितळून रंगाला चिकटेल ही कल्पना सोडून द्यावी. जे काही संरक्षण मिळते ते त्या मिश्रणातल्या वॅक्सचे किंवा सिलिकॉनचे असते. ते लावताना पॅड मशीनने फिरवत असतील तर पांढऱ्या डागांचा धोका नेहमीचाच.

माझ्या मते बहुतेकांसाठी योग्य पर्याय म्हणजे पाण्यावर आधारलेले, पूड नसलेले स्प्रे सीलंट. त्यात कृत्रिम बहुलके किंवा थोड्या प्रमाणात सिलिका असते, ते पारदर्शकच वाळते आणि बऱ्याच उत्पादनांवर प्लास्टिक, काच आणि क्रोम यांना चालेल असे स्पष्ट लिहिलेले असते. चुकून बंपरच्या काळ्या भागावर गेले तरी ओल्या मायक्रोफायबरने तेव्हाच निघते. टिकाऊपणा काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंतच असतो, हे मान्य. पण ज्याची गाडी रस्त्यावर किंवा उघड्या पार्किंगमध्ये उभी राहते, त्याला दर दोन-तीन महिन्यांनी अर्ध्या तासात स्वतः करता येणारे काम हे वर्षातून एकदा दुसऱ्यावर सोपवण्याच्या कामापेक्षा अधिक भरवशाचे आहे. फवारा मात्र थेट गाडीवर मारू नये. फडक्यावर मारावा आणि मग ते फडके रंगावर फिरवावे, म्हणजे रबराच्या फटीत द्रव साठत नाही.

सिरॅमिक कोटिंगबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आज सर्वाधिक आग्रह त्याचाच होतो आणि सर्वाधिक गोंधळही तेथेच आहे. सिलिकॉनयुक्त रेझिनचा हा पातळ थर हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन कडक होतो आणि रंगाला घट्ट धरतो. रंगावर हाच त्याचा गुण, आणि काळ्या प्लास्टिकवर हाच त्याचा धोका. लावल्यावर काही मिनिटांतच जास्तीचा द्रव पुसून काढावा लागतो. तो राहिला तर कडक होऊन इंद्रधनुषी किंवा गडद पट्टे उमटतात. रंगावरचे असे पट्टे पॉलिशने काढता येतात, परंतु खरखरीत प्लास्टिकवर पॉलिश करणे म्हणजे त्याची नक्षीच घासून टाकणे. म्हणून रंगाचे कोटिंग प्लास्टिकवर अर्धवट लागणे हे सर्वांत वाईट. एक तर ते तेथे मुळीच लागू देऊ नये, नाही तर रंग न दिलेल्या प्लास्टिकसाठीच बनवलेले वेगळे कोटिंग घेऊन तो संपूर्ण भाग एकसारखा लेपावा. असे ट्रिमचे, म्हणजे रंग नसलेल्या भागांचे, कोटिंग स्वच्छ आणि तेलकटपणा काढलेल्या नव्या प्लास्टिकवर लावले तर अतिनील किरणांपासून चांगला बचाव होतो, आणि माझ्या मते नव्या गाडीवर पैसे खर्च करायचे असतील तर रंगाआधी येथे करावेत.

हंगामाचाही विचार करावा. पावसाळ्यातल्या दमट हवेत कोटिंग लवकर आवळते, पुसायला वेळ कमी मिळतो आणि चुका वाढतात. कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावरही तेच होते. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे पुण्याचे हवामान या कामाला सर्वांत अनुकूल आहे. ‘9एच’ कडकपणा पाहून मात्र निर्णय करू नये. तो आकडा पेन्सिलीने ओरखडा काढण्याच्या चाचणीतला आहे, खनिजांच्या कडकपणाच्या मोजपट्टीवरचा नव्हे, आणि त्यावरून त्याचा प्लास्टिकवर काय परिणाम होईल हे काहीच कळत नाही.

पारदर्शक फिल्म घ्यायची असेल तर ती टीपीयू या लवचिक प्लास्टिकची घ्यावी, पीव्हीसी या प्लास्टिकची घेऊ नये. पीव्हीसी उन्हाने लवकर पिवळी आणि कडक होते. टीपीयू फिल्मची जाडी साधारण 150 ते 200 मायक्रॉन असते आणि खडी उडून पडणारे टवके तीच काय ती थोपवू शकते. चकचकीत काळे खांब आणि हेडलॅम्प यांवर ती उत्तम बसते. खरखरीत काळ्या प्लास्टिकवर मात्र ती नीट धरत नाही, कडा उचलतात आणि त्या कडेला धुळीची रेघ साठते, म्हणून ‘पूर्ण गाडी’ असे म्हणताना त्यात कोणते भाग मोजले आहेत हे विचारावे. फिल्म मशीनवर मापाप्रमाणे कापलेली आहे, की गाडीवर ठेवून ब्लेडने कापणार, हा प्रश्न तर विचारलाच पाहिजे. खिडकीच्या बीडिंगलगत फिरणारे ब्लेड रबराला बारीक चीर देते, ती त्या दिवशी दिसत नाही आणि पुढच्या पावसाळ्यात दाराच्या आत पाणी आल्यावर कळते.

लेबल आणि माहितीपत्रक

‘सर्व पृष्ठभागांसाठी सुरक्षित’ एवढ्या वाक्यावर विसंबू नये. नाना पेठेतल्या दुकानातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, बाटली हातात येण्याआधी त्या उत्पादनाचे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे घटक आणि धोके सांगणारे माहितीपत्रक, निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे. त्याचे 16 विभाग असतात. आपल्याला दोनच पुरेत. तिसऱ्या विभागात घटक दिलेले असतात. तेथे नॅफ्था, पेट्रोलियम डिस्टिलेट किंवा झायलीन यांसारखे पेट्रोलियम द्रावण मोठ्या टक्केवारीत असेल तर ते रबरापासून दूर ठेवावे. नवव्या विभागात सामू म्हणजे पीएच दिलेला असतो. धुण्याच्या कोणत्याही द्रवाचा सामू 7 च्या आसपास, म्हणजे तो ना आम्ल ना अल्कली, असेल तर ॲनोडाइज्ड पट्ट्यांची काळजी उरत नाही. जो निर्माता हे पत्रकच देत नाही त्याची वस्तू घेऊ नये, मग ती कितीही स्वस्त असो.

त्यानंतर चाचणी. मागच्या चाकावरच्या कमानीची खालची आतली कड आणि मागच्या दाराच्या बीडिंगचा तळाचा भाग या सहज नजरेत न येणाऱ्या जागा आहेत. दोन्हीकडे थोडेसे उत्पादन लावावे, सांगितलेल्या वेळी पुसावे आणि चोवीस तास थांबावे. प्लास्टिकवर पांढरेपणा, पट्टे किंवा चिकटपणा आहे का ते तिरप्या उजेडात पाहावे. रबर बोटाने दाबून शेजारच्या भागाशी ताडून पाहावे. मऊ, फुगीर किंवा ओशट लागले तर ते उत्पादन परत करावे.

काम दुसऱ्याकडे देताना

डिटेलिंगच्या, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई आणि पॉलिश करणाऱ्या, दुकानात गाडी सोडण्याआधी काळ्या भागांचे, बीडिंगचे आणि हेडलॅम्पचे जवळून फोटो काढावेत, तेही दुकानदाराच्या समोर. मग शांतपणे विचारावे: पॉलिशच्या मशीनआधी कोणकोणत्या कडांना टेप लावणार? टेप वाहनांच्या रंगकामाचाच आहे ना? स्टेशनरीच्या दुकानातला कागदी टेप उन्हात गोंद सोडतो आणि मग तो गोंद काढायला थिनर येतो, म्हणजे एका दुखण्यावर दुसरे. पुसण्यासाठी कोणते द्रावण वापरणार, हेही विचारावे. पातळ केलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल असे उत्तर आले तर ठीक, थिनर असे आले तर गाडीची किल्ली खिशातच ठेवावी. जो कारागीर या प्रश्नांनी वैतागतो त्याच्यापेक्षा जो टेपचे रीळ काढून दाखवतो तो विश्वासाचा, आणि असे कारागीर पुण्यात निश्चितच आहेत. टेप लावण्याचे काम कंटाळवाणे आहे, त्याला वेळ लागतो, आणि त्याचे पैसे वेगळे मागितले तर आनंदाने द्यावेत.

काम झाल्यावर गाडी दिव्याखाली ताब्यात न घेता दिवसाउजेडी बाहेर काढून पाहावी. बीडिंगच्या खाचा, नंबरप्लेटची चौकट आणि वायपरची जाळी येथे पांढरी भुकटी राहिलेली असते. ती त्याच दिवशी निघते. आठवड्याने तीच चिवट होते.

रोजची देखभाल

सोसायटीत सकाळी गाडी पुसायला येणाऱ्या काकांना बहुधा एकच बादली आणि एकच फडके घेऊन पाच-दहा गाड्या उरकाव्या लागतात. त्यात मेट्रोच्या आणि इमारतींच्या बांधकामाची सिमेंटमिश्रित धूळ असते, आणि कोरड्या फडक्याने ती पुसली की रंगावर व पियानो ब्लॅकवर ओरखडे उठतात. त्यांना आपल्या गाडीसाठी दोन वेगळ्या रंगांची मायक्रोफायबर फडकी द्यावीत, एक रंगासाठी आणि एक काळ्या भागांसाठी, आणि आधी पाणी ओतून मगच पुसायला सांगावे.

बोअरचे किंवा टँकरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते आणि उन्हात वाळले की क्षारांचे गोल पांढरे डाग सोडते. हे डाग काढायला मिळणारी द्रावणे आम्लयुक्त असतात आणि ॲनोडाइज्ड पट्ट्यांवर तीच घातक ठरतात. त्यामुळे डाग पडूच न देणे बरे: सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर धुवावे आणि पाणी गाडीवर वाळू देऊ नये. दसऱ्याला गाडीची पूजा करताना हळद-कुंकू काचेवर किंवा नंबरप्लेटवर लावावे, खरखरीत बंपरवर नको. लागलेच तर त्याच दिवशी शाम्पूच्या पाण्याने मऊ ब्रशने धुवावे. राहिलेली हळदीची छटा उन्हाने बऱ्यापैकी फिकी होते, कुंकवातला रंग मात्र तितक्या सहज जात नाही.

वॅक्सचा पांढरा डाग आधीच पडलेला असेल तर घाईने तेलकट टायर पॉलिश फासून तो झाकू नये. प्रथम पातळ केलेला, सौम्य सर्वसाधारण क्लीनर आणि दात घासण्याचा जुना मऊ ब्रश घेऊन गोल फिरवत घासावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. त्याने भागले नाही तर निम्मे पाणी मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन हलक्या हाताने पुसावे, रबराला लागू न देता. खळग्यात बसलेले वाळके वॅक्स शाळकरी पांढऱ्या खोडरबराने घासूनही पुष्कळ अंशी निघते. हीट गनने प्लास्टिक पुन्हा काळे करण्याचे व्हिडिओ पुष्कळ फिरतात. त्याने आलेला काळेपणा टिकत नाही, आणि हात जरा थांबला तर नक्षी वितळून तेथे कायमचा चकचकीत चट्टा पडतो. डाग निघाल्यावर तो भाग एक दिवस पूर्ण वाळू द्यावा आणि मगच त्यावर ट्रिमचे कोटिंग किंवा पाण्यावर आधारलेले ड्रेसिंग, म्हणजे काळेपणा उजळवणारा लेप, एकसारखे लावावे.